स्थापत्यविद्येची प्रयोगशाळा

परीक्षांचे निकाल लागले, कीं ज्या घरांतील मुलास अगर मुलीस स्थापत्यविद्येकडे, म्हणजे सिव्हिल इंजिनियरिंगकडे जावयाचें असतें, त्या घरीं कॉलेजांची चौकशी सुरू होते. शुल्क किती, वसतिगृह कसें, शहर दूर कीं जवळ, शिक्षण संपल्यावर नोकरी मिळते कीं नाहीं, हे प्रश्न पालक विचारतात, व ते विचारावे हें योग्यच आहे. क्वचित् कोणी प्रत्यक्ष कॉलेज पाहावयास जातात. तेथें त्यांस दर्शनी इमारत, बाग व संगणकांचें दालन हीं दाखविलीं जातात. परंतु इमारतीच्या पाठीमागें, बहुधा तळमजल्यावर, एक लांबट व धुळकट दालन असतें. तेथील यंत्रें जड असतात, सबब तीं वरच्या मजल्यावर चढविणें सोयीचें नसतें. या दालनाकडे पालकांचें लक्ष सहसा जात नाहीं. आमच्या मतें मात्र विद्यार्थी पुढें कसा इंजिनियर होईल, हें इतर कोणत्याहि जागेपेक्षां याच दालनावर अधिक अवलंबून असतें; म्हणून वाचकांस त्याची थोडी ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम वर्गांविषयीं. स्थापत्यविद्येचा वर्ग इतर विषयांच्या वर्गांहून फारसा निराळा नसतो. फळा, बांकें, भिंतीवर चित्रें टाकणारें यंत्र, इतकें असलें म्हणजे भागतें. निराळें असतें तें नकाशे काढण्याचें दालन. पूर्वीं तेथें मोठमोठे लांकडी तक्ते मांडलेले असत, आणि उजेड शक्य तों उत्तरेकडील खिडक्यांतून घेत. कारण तिकडून येणारा प्रकाश दिवसभर सारखा राहतो व कागदावर पट्टीची गडद छाया पडत नाहीं. आतां बहुतेक नकाशे संगणकावर होतात. त्यांत श्रम वांचतात हें खरें. पण पडद्यावरील आकृति बोटाच्या इशाऱ्यानें हवी तेवढी मोठी करतां येते, त्यामुळें खरी भिंत किती जाड व खरा दरवाजा किती रुंद, याची डोळ्यांस संवय लागत नाहीं. ज्या कॉलेजांत पहिल्या वर्षीं तरी हातानें नकाशा काढावयास लावतात, तें कॉलेज जुन्या वळणाचें म्हणून हंसण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे या विद्येचें शिक्षण बरेंच जुनें आहे. रुडकीचें कॉलेज १८४७ सालचें. पुण्यास १८५४ सालीं सरकारी बांधकामांकरितां माणसें तयार करणारा एक वर्ग निघाला, त्याचेंच पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज झालें. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तेथूनच १८८३ सालीं परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. त्या आरंभींच्या काळांत मात्र जगांत कोठेंहि, विद्यार्थ्यानें स्वतः यंत्रापुढें उभें राहून दगड, लोखंड व लांकूड मोडून पाहावें, अशी सोय विद्यापीठांतून जवळजवळ नव्हती. प्राध्यापकानें फळ्यावर गणित मांडावें, विद्यार्थ्यानें तें उतरून घ्यावें, आणि पदार्थाची खरी ओळख पुढें नोकरींत होईल तेव्हां होईल, असा तो क्रम होता. १८७८ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक अलेक्झांडर केनेडी यांनीं विद्यार्थ्यांकरितां इंजिनियरिंगची प्रयोगशाळा उघडली, तेव्हांपासून ही पद्धति पालटूं लागली.

तथापि केनेडींच्या आधींच, विद्यापीठाच्या बाहेर, एका गृहस्थानें पदार्थ मोडून पाहण्याचा धंदाच काढला होता. डेव्हिड कर्काल्डी हें त्याचें नांव. हा स्कॉटलंडचा इंजिनियर. त्यानें लीड्स येथें सुमारें ४७ फूट लांबीचें एक प्रचंड यंत्र मुद्दाम करवून घेतलें. लोखंडाची कांब असो कीं आगबोटीची सांखळी असो, गिऱ्हाइकानें आणून द्यावी, कर्काल्डीनें ती ओढून, दाबून, वांकवून मोडावी, आणि किती भाराला मोडली तो आंकडा लिहून द्यावा. हें यंत्र १८७४ पासून लंडनच्या साउदवर्क स्ट्रीटवरील ज्या इमारतींत बसविलें, तेथेंच तें अद्यापि आहे. इमारतीचें आतां संग्रहालय झालें असून, मतें नकोत, वस्तुस्थिति हवी, अशा अर्थाचे शब्द तिच्या दारावर कोरलेले आहेत.

या वस्तुस्थितीची किंमत लवकरच कळून आली. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं, सोसाट्याच्या वाऱ्यांत, स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वेपुलाचा मधला उंच भाग गाडीसकट पाण्यांत कोसळला. गाडींतील सुमारें ७५ माणसें होतीं. त्यांतील एकहि वांचलें नाहीं. पूल उघडून दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्याचे खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते, व खांबांस एकमेकांशीं बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या खांबांबरोबरच ओतलेल्या बिडाच्या कानांत अडकविलेल्या होत्या. चौकशीच्या वेळीं हे कान कर्काल्डीच्या यंत्रावर चढविण्यांत आले, तेव्हां ते अपेक्षेहून पुष्कळच कमी भाराला तुटले. पुलाच्या आराखड्यांत वाऱ्याच्या दाबाचाहि पुरेसा विचार झालेला नव्हता. कान मोडून पाहण्याचें काम झालें. पण तें पूल पडल्यानंतर झालें.

बीड आणि पोलाद यांतील भेद विद्यार्थ्यास प्रयोगशाळेंत एका तासांत दिसतो, आणि तो एकदां पाहिला कीं जन्मभर विसरत नाहीं. सौम्य पोलादाची सळई यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढावयास लागलें, म्हणजे आरंभीं ती भाराच्या प्रमाणांत किंचित् लांबते. भार काढला तर पूर्ववत् होते. मग एक क्षण असा येतो, कीं कांटा जागच्या जागीं घुटमळतो आणि सळई मात्र लांबतच राहते. पुढें तिच्या मध्यावर कोठें तरी कंबर बारीक होऊं लागते, ती डोळ्यांनीं दिसते, आणि शेवटीं मोठा आवाज होऊन सळई तुटते. तुटलेलें एक टोंक वाटीसारखें खोलगट व दुसरें सुळक्यासारखें असतें. तोंवर सळई मूळ लांबीच्या सुमारें पांचव्या हिश्शानें वाढलेली असते. बिडाचा तुकडा असा कांहींच इशारा देत नाहीं. तो न लांबतां, न बारीक होतां, एकदम दुभंगतो. ज्या पदार्थाचें घर आपण बांधतों, तो मोडण्यापूर्वीं सूचना देतो कीं देत नाहीं, या एका प्रश्नावर आजच्या बांधकामाचे कितीतरी नियम उभारलेले आहेत. पुस्तकांतील वक्ररेषा पाहून हें समजतें. सळईची कंबर बारीक होतांना पाहून तें पटतें.

काँक्रीटचा प्रयोग याहून संथ आहे, कारण तो महिनाभर चालतो. विद्यार्थी सिमेंट, वाळू, खडी व पाणी हीं तोलून घेतो. घमेल्यांच्या अंदाजानें नव्हे, वजनानें. मिश्रण आंतून तेल लावलेल्या पोलादी सांच्यांत तीन थरांनीं भरावयाचें आणि प्रत्येक थर सळईनें ३५ वेळां ठांसावयाचा. सांचा १५ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असतो. दुसऱ्या दिवशीं सांचा सोडून ठोकळ्यावर नांव व तारीख घालावयाची, आणि ठोकळा हौदांतील पाण्यांत बुडवून ठेवावयाचा. कांहीं ठोकळे ७ व्या दिवशीं फोडतात, बाकीचे २८ व्या दिवशीं. ज्यास एम-२० म्हणतात, त्या काँक्रीटनें २८ दिवसांनीं प्रत्येक चौरस मिलिमीटरावर २० न्यूटन इतका दाब सोसला पाहिजे. ठोकळ्याच्या एका बाजूचें क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. म्हणजे त्यावर ४,५०,००० न्यूटन, साध्या भाषेंत सुमारें ४५ टन भार पडावयास हवा. उतारूंनीं भरलेल्या तीन एस. टी. गाड्या ओंजळीएवढ्या जागेवर उभ्या कराव्या, तसें हें झालें. चांगला ठोकळा तेवढा भार घेतो. मग त्याच्या बाजूंचे पापुद्रे सुटतात, आणि टोंकास टोंक लावून ठेवलेल्या दोन मनोऱ्यांसारखा मधला गाभा शिल्लक राहतो.

ह्या प्रयोगांत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट पाण्याची. शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्यें डफ एब्रम्स यांनीं असंख्य ठोकळे फोडून १९१८ सालीं असें दाखविलें, कीं इतर गोष्टी समान असतां काँक्रीटची ताकद सिमेंटच्या मानानें पाणी किती घातलें यावर ठरते. सिमेंटला रासायनिक क्रियेकरितां स्वतःच्या वजनाच्या सुमारें चौथा हिस्सा पाणी पुरतें. बाकीचें मिश्रण हलवितां यावें म्हणून घालावें लागतें. तें मागाहून उडून जातें व आपल्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. ५० किलोच्या पोत्यास २५ लिटर पाण्याऐवजीं ३५ लिटर पाणी घातलें, तर ताकद साधारणतः तिसऱ्या हिश्शानें तरी घटते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरचें बांधकाम झालें असेल, त्यांनीं हें चित्र पाहिलेंच असेल: स्लॅब ओततांना मिश्रण घट्ट वाटतें, कामगारांचे हात भरून येतात, आणि कोणी तरी नळी सोडतो. कामगाराचा त्यांत दुष्ट हेतु नसतो. मिश्रण सैल झालें, काम लवकर उरकलें, वरून स्लॅब गुळगुळीत दिसला, मग बिघडलें काय, असें त्यास वाटतें. काय बिघडलें तें सांगण्याचा अधिकार ज्यानें दोन्ही प्रकारचे ठोकळे आपल्या हातानें करून फोडले आहेत, त्याला असतो. आणि त्याचें सांगणें कामगारहि ऐकतो.

आतां माती. इमारत कितीहि भक्कम असली, तरी ती शेवटीं मातीवर अगर खडकावर उभी असते. आणि या विषयाची प्रयोगशाळा तर सर्वांत अलीकडची. तिचा पाया घालणारे कार्ल टेरझागी हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून इस्तंबूल येथील रॉबर्ट कॉलेजांत शिकवीत असत. हवी तशी उपकरणें मिळणें शक्यच नव्हतें, म्हणून त्यांनीं सिगारच्या रिकाम्या पेट्या व कॉलेजच्या भंगारांतील वस्तू घेऊन आपलीं यंत्रें जुळविलीं, आणि ओली माती भाराखालीं हळूहळू कशी दबते याचें मोजमाप केलें. १९२५ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानें मृत्तिकायांत्रिकी हें नवें शास्त्रच उभें केलें. सुविधांची चर्चा करतांना हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. यंत्रांची किंमत व प्रयोगशाळेची योग्यता यांचें प्रमाण नेहमींच सम नसतें.

महाराष्ट्रांतील काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास ठाऊक आहे: पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उथळ पाया घातला, तर भिंती तिरप्या तडकतात. ती किती फुगणार हें पाहण्याची रीत इतकी सोपी आहे, कीं ती शाळेंतहि करतां येईल. माती वाळवून बारीक चाळणीनें चाळावी. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घालावी. एकींत पाणी भरावें, दुसरींत रॉकेल. ढवळून हवा काढून टाकावी व दोन्ही नळ्या २४ तास स्वस्थ ठेवाव्या. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. दोन्ही नळ्यांतील मातीच्या उंचीची तुलना केली कीं मातीचा स्वभाव कळला. मुरमाची माती व काळी माती शेजारीं शेजारीं ठेवून हा प्रयोग करावा, म्हणजे भेद अधिक उठून दिसेल.

एवढ्या साध्या परीक्षेवर किती मोठी गोष्ट लटकलेली असूं शकते, याचा दाखला अमेरिकेंत मिळतो. लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस सेंट फ्रान्सिस नांवाचें सुमारें ६० मीटर उंचीचें काँक्रीटचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचे कर्ते विल्यम मलहॉलंड हे मोठे कर्तबगार गृहस्थ. पाटकऱ्याच्या नोकरीपासून आरंभ करून, स्वतःच पुस्तकें वाचून ते इंजिनियर झाले होते, आणि शेंकडों मैलांवरून त्यांनीं शहरास पाणी आणून दिलें होतें. १२ मार्च १९२८ रोजीं धरणांतून गढूळ पाणी झिरपत आहे असें कळल्यावरून त्यांनीं जागेवर जाऊन पाहणी केली, व धोका नाहीं असा निर्वाळा दिला. त्याच रात्रीं बाराच्या सुमारास धरण फुटलें. लोटलेल्या पाण्यांत चारशेंहून अधिक माणसें मेलीं. पुढें चौकशीसमितीनें पश्चिमेकडील बाजूचा लालसर खडक तपासला. कोरडा असतां तो बऱ्यापैकीं कठीण दिसे. परंतु त्याचा तुकडा पाण्यांत टाकला, कीं त्यांतून बुडबुडे निघत, पापुद्रे गळूं लागत, आणि थोड्याच वेळांत त्याचा चिखल होई. अलीकडील संशोधकांच्या मतें धरणाच्या फुटण्यास आरंभ पूर्वेकडील बाजूनें झाला. तेथें डोंगराची जुनी कोसळलेली दरड होती. तें कसेंहि असो, जो दगड पाण्यांत विरघळतो त्यावर पाण्याचें धरण टेकविलें होतें, ही गोष्ट कांहीं खोटी ठरत नाहीं. आणि ती जाणून घेण्यास एक पेलाभर पाणी पुरेसें होतें.

पाण्याची प्रयोगशाळा पाहावयास सर्वांत रम्य. तेथें कांचेच्या भिंती असलेला लांब पाट असतो, व त्यांत बंधारे, दारें बसवून पाणी खेळवितां येतें. १८८३ सालीं मँचेस्टर येथें ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं केलेला प्रयोग अजून प्रत्येक विद्यार्थी करतो. कांचेच्या नळींतून पाणी सावकाश वाहूं द्यावयाचें व त्यांत रंगाची बारीक धार सोडावयाची. वेग कमी असतां ती धार सुताप्रमाणें सरळ जाते. वेग वाढविला, कीं एका विशिष्ट क्षणीं सूत थरथरतें, तुटतें, आणि सर्व पाणी रंगून जातें. याच पाटांत वाळू पसरून मध्यें एक लांकडी खुंटी उभी करावी. खुंटीस आपटलेलें पाणी खालीं वळतें, व तिच्या पुढच्या अंगास वाळू उकरूं लागतें. कांहीं वेळानें तेथें खळगा पडलेला दिसतो. ती खुंटी म्हणजे पुलाचा खांब. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्यांतील उतारू प्राणांस मुकले, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. पुराच्या वेळीं पाण्याखालीं खांबाच्या बुडाशीं काय चाललें आहे, हें वरून कोणास दिसत नाहीं. पाटाच्या कांचेंतून तें दिसतें.

मोठ्या कामांकरितां नदीची लहान प्रतिकृतीच करतात. पुण्याजवळ खडकवासला येथें केंद्र सरकारची जी जल व विद्युत् संशोधनशाळा आहे, तिचा आरंभ १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या काळांत झाला. तेथें धरणें व बंदरें यांच्या प्रतिकृति उघड्या मैदानांत व मोठ्या छपरांखालीं मांडलेल्या असतात. नदी १०० पट लहान केली, तर पाण्याचा वेग १० पट कमी ठेवावा लागतो. आणि काळहि त्याच मानानें आंखडतो, म्हणजे दहा तासांचा पूर एका तासांत येऊन जातो. हें गणित कॉलेजांत शिकावें आणि मग ती जागा पाहावयास जावें.

मोजणीची प्रयोगशाळा चार भिंतींत मावत नाहीं. विद्यार्थ्यांची तुकडी सपाटी पाहण्याची दुर्बीण, तिपाई व खुणांची दांडी घेऊन मैदानांत जाते, एका ठिकाणापासून उंचसखलपणा मोजीत निघते, व फिरून त्याच ठिकाणीं परत येते. निघतांना जी उंची होती, तीच परततांना निघावयास हवी. ती थोडीशी चुकतेच. येथें विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. ऊन तापलेलें असतें, जेवणाची वेळ टळलेली असते, आणि वहींतील एखादा आंकडा बदलला तर हिशेब बिनचूक जुळतो. वहीची बेरीज-वजाबाकी गणिताची चूक पकडते. खोटा लिहिलेला आंकडा ती पकडीत नाहीं.

हाच रोग प्रयोगशाळेंतहि आहे, व त्याविषयीं पालकांनीं डोळेझांक करूं नये असें आम्हांस स्पष्ट वाटतें. पुष्कळ ठिकाणीं मुलें मागील वर्षीच्या मुलांचीं जर्नलें घेऊन जशींच्या तशीं उतरून काढतात. पन्नास मुलें यंत्राभोंवतीं कोंडाळें करून उभीं, एक साहाय्यक यंत्र चालवितो, पुढच्या चौघांस कांटा दिसतो, आणि पन्नास वह्यांत एकच आंकडा शोभतो. अशा ठिकाणीं यंत्रें विलायती असलीं तरी ती प्रयोगशाळा नव्हे, प्रदर्शन आहे. ज्यानें एम-२० चा आंकडा जर्नलांत उतरून घेतला, तोच पुढें नोकरींत ठोकळे न फोडतां दाखल्यावर आंकडा लिहावयास मोकळा होतो, आणि त्या दाखल्याच्या भरंवशावर कोणाच्या तरी मुलांची शाळा बांधली जाते.

तेव्हां कॉलेज पाहावयास जाल, त्या वेळीं दर्शनी इमारत पाहून झाल्यावर तळमजल्यावरील त्या दालनाची वाट विचारावी. एका यंत्रावर एका वेळीं किती विद्यार्थी असतात, ते चौकशीनें कळेल. पंधरा-वीस असले तर ठीक. यंत्राचे आंकडे खरे आहेत कीं नाहींत याची तपासणी शेवटची कधीं झाली, त्याचा दाखला जवळपास लावलेला असावा. यंत्रावर पांढरें कापड झांकलेलें असेल व कापडावर धूळ नसेल, तर कापड कालच घातलें असें समजावें. मातीच्या प्रयोगशाळेंत जमीन स्वच्छ चकाकत असेल, तर तेंहि फारसें चांगलें लक्षण नव्हे. मग मागचें दार उघडवून घेऊन बाहेर पाहावें. ज्या कॉलेजांत काम चालतें, त्याच्या मागें फुटलेल्या ठोकळ्यांचा ढीग असतो. त्या ठोकळ्यांवर मुलांचीं नांवें व तारखा वाचतां येतात काय, आणि त्यांतील शेवटची तारीख कोणती आहे, हें जरा वांकून पाहावें.